हातात शिरलेल्या डिझेलबाबत

खालापूर पोलीस ठाणे
दि. १९ नोव्हेंबर २०२४

सौ. हर्षला कमलेश भोईर, वय ३८ वर्षे, धंदा डिझेल गाड्यांच्या स्पेअर पार्टचे दुकान, राहणार लोधिवली, ता. खालापूर, जि. रायगड.

पोलिसांनी बोलावल्यावरून मी आज स्वतः ठाण्यात आले असून, मला जे विचारण्यात आले त्यावर समक्ष सांगते ते असे की,

माझे पती कमलेश चांगो भोईर, वय ४४, आणि माझा धाकटा दीर नीलेश, वय ३३, यांचे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर लोधिवली गावाच्या तोंडाशी डिझेल पंप आणि नोझलचे गॅरेज आहे. ते माझे सासरे कै. चांगो भोईर यांनी सुरू केले. गॅरेजला लागून माझे दुकान आहे. मधल्या भिंतीला खिडकी आहे आणि तिच्यातून पार्ट देणे-घेणे चालते. त्यामुळे पलीकडचे मला दिसते आणि ऐकू येते. ऐकायचे नसले तरी येते. नीलेश, त्याची पत्नी भाविका आणि आम्ही एकाच घरात, एका चुलीवर राहतो. नीलेश सध्या पनवेलच्या एका खाजगी इस्पितळात आहे. गुरुवार दि. १४ रोजी गॅरेजात काम करताना त्याच्या उजव्या हाताला जी इजा झाली आणि पुढे त्या हाताचे जे झाले, त्याबाबत हा जबाब आहे.

त्या दिवशी सकाळी मनोज ठोंबरे, रा. पोशीर, हा पिकअप गाडी घेऊन गॅरेजवर आला. मनोज माझ्या पतींचा शाळेपासूनचा मित्र आहे. भिवपुरीकडे मुंबईच्या एका शेठचे फार्महाऊस आहे, तिथे तो ड्रायव्हर आहे. गाडी शेठची आहे. सकाळी सेल मारून मारून दमलो तरी ती चालू होत नाही, झाली की पांढरा धूर सोडते, टकटक आवाज करते आणि फार्महाऊसच्या चढणीला ओढत नाही, अशी त्याची तक्रार होती. गाडी वॉरंटीत असल्याने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय कोणाला बोनेट उघडू द्यायचे नाही, असे शेठने त्याला बजावले होते. सेंटरने पुढच्या आठवड्याची तारीख दिली होती आणि शेठचे पाहुणे रविवारी यायचे होते. म्हणून तो गुपचूप आमच्याकडे आला. माझ्या पतींनी त्याला शब्द दिला. "तुझ्या शेठला वासपन लागनार नाय," असे ते म्हणाले. हे मी खिडकीतून ऐकले.

दोघा भावांत त्या दिवशी भांडण झाले का, असे मला विचारण्यात आले. भाविकाच्या वडिलांनी तसे सांगितले आहे असे समजते. त्यांच्या मुलीच्या नवऱ्याचे असे झाल्यावर त्यांनी काय वाटेल ते बोलावे, माझा त्यांच्यावर राग नाही. पण मारहाण झालेली नाही. आवाज चढले होते आणि ते समोरच्या टपरीपर्यंत गेले असतील. हे दोघे गाडीच्या टायमिंगवरून तावातावाने भांडतात आणि दुपारी एका ताटाजवळ बसतात. मी लग्न होऊन आल्यापासून हेच ऐकत आले आहे.

भांडण कशावरून ते सांगते. टायमिंग म्हणजे डिझेल कोणत्या क्षणी इंजिनात सोडायचे ते. जरा आधी सुटले तर इंजिन ठोकते. उशिरा सुटले तर ताकद जाते आणि न जळलेले डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडते. जुन्या गाड्यांत पंप केसभर फिरवून ते बसवता येई, आणि त्यात माझ्या पतींचा हात धरणारा चौक गावापासून खोपोलीपर्यंत कोणी नाही. ते म्हणाले, टायमिंग गेले आहे. नीलेश म्हणाला, या गाडीत टायमिंग कॉम्प्युटर ठरवतो, ते पान्याला सापडायचे नाही, ह्यातला एक नोझल बिघडलेला आहे. बिघडलेल्या नोझलसाठी गॅरेजात जो शब्द आहे तो मी इथे लिहून देत नाही. अर्थ असा की डिझेल धुक्यासारखे फवारले पाहिजे, ते थेंबाथेंबाने गळते. धुके जळते. थेंब नीट जळत नाही, त्याचा धूर होतो आणि इंजिनाची वाट लागते. नीलेशचे म्हणणे बरोबर होते की माझ्या पतींचे, ते मला आजही सांगता येणार नाही, कारण तो नोझल बाहेर काढलाच गेला नाही.

नीलेशला पनवेलहून ओळखीच्या माणसाला गाडीचा कॉम्प्युटर तपासायचा स्कॅनर घेऊन बोलवायचे होते. तो दुपारनंतर येतो म्हणाला होता. माझ्या पतींना बाहेरचा माणूस नको होता, कारण मनोजला शब्द दिलेला. ते म्हणाले, नळीची नाडी बघ, आबा काय स्कॅनर लावायचे? आबा म्हणजे माझे सासरे.

नाडी बघणे म्हणजे काय, असे साहेबांनी विचारले. प्रत्येक नोझलला पंपाकडून एक बारीक लोखंडी नळी येते. गाडी चालू ठेवून ती नळी बोटांच्या चिमटीत धरली की डिझेलचा प्रत्येक ठोका बोटाला लागतो, वैद्य मनगट धरतो तसे. जिला ठोका कमी तिथे गडबड. तरी शंका राहिली तर नळीचा नट पान्याने जरासा ढिला करायचा. डिझेल फसफसून बाहेर येते. इंजिनाचा आवाज बदलला नाही तर तोच सिलिंडर मेलेला. हे सासऱ्यांनी दोघांना शिकवले. त्यांचे हात कायम डिझेलने ओले असत आणि त्यांना कधी काही झाले नाही. या रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजात हेच करतात. नव्या गाडीत बाहेरून नळी तशीच दिसते, नटही तसाच. आतला दाब मात्र कितीतरी पट असतो. फट सुईच्या टोकाएवढी असली तरी तिच्यातून जे सुटते ते डोळ्यांना दिसत नाही आणि कातडी त्याला अडवत नाही. हे मला आता डॉक्टरांकडून कळले. नीलेशला ते आधीच माहीत होते.

कारण तो म्हणाला, "दादा, ही जुनी नाय. हिच्या नळीला चालू गाडीत हात लावायचा नसतो."

त्यावर माझे पती म्हणाले, "मग हो बाजूला, मी लावतो."

आणि त्यांनी पाना उचलला. तेव्हा नीलेशने त्यांच्या हातातून तो काढून घेतला. ओढाताण झाली नाही. पाना घेऊन तो स्वतः बोनेटखाली वाकला. हे मी खिडकीतून डोळ्यांनी पाहिले आहे. हे साहेबांनी मी सांगते तसेच लिहावे, कारण नीलेशला कोणी ढकलले नाही हेही यातून दिसेल आणि तो का वाकला हेही दिसेल.

मनोजने गाडी चालू ठेवली. नीलेशने पहिल्या दोन नळ्या चिमटीत धरून पाहिल्या. तिसरीला त्याने डाव्या हाताने पाना लावला आणि उजवा हात नळीजवळ ठेवला. फुस्स असा आवाज आला, तो मला गाडीच्या टकटकीतूनही ऐकू आला. नीलेशने हात झटकला आणि गाडी बंद करायला सांगितली. माझ्या पतींनी काय रं झाले म्हणून विचारले. काय नाय, टोचल्यावानी झाले, असे तो म्हणाला. मी खिडकीशी बोलावून हात पाहिला. पहिल्या बोटाच्या मुळाशी लाल ठिपका होता, डास चावल्यावर येतो एवढा. रक्त नव्हते. मी म्हटले, एवढा मोठा पुरुष आणि डासाला घाबरलास. तो हसला. आम्ही सगळेच हसलो.

पुढे जे झाले ते क्रमाने सांगते. नीलेशने साबणाने हात धुतला. थोड्या वेळाने धुण्याच्या पावडरने पुन्हा धुतला. दुपारी जेवायला बसल्यावर तो डाव्या हाताने घास घेऊ लागला. आमच्या घरात डाव्या हाताने कोणी जेवत नाही, म्हणून मी हटकले. तो म्हणाला, बोटं मिटत नाहीत, दुखत मात्र काही नाही. दुखत नाही म्हटल्यावर आम्ही ते सोडून दिले. दिवस कलायला लागला तसा पंजा ताठ झाला, कातडी पांढरी पडली आणि हात लावला तर गार लागे. नोव्हेंबर असला तरी घरात कोणाचे हात गार नव्हते. भाविकाने त्याचा हात लिंबाने आणि सोड्याने धुतला, पुन्हा पुन्हा धुतला. ती मला म्हणाली, "वैनी, वास जात नाय गं डिझेलचा." मीही नाक लावून पाहिले. वास तसाच होता. हातावर डिझेल राहिलेच नव्हते तर वास कुठून येत होता, हे आम्हा दोन बायकांना तेव्हा सुचले नाही. भाविकाला पाचवा महिना आहे. तिला त्या वासाने मळमळायला लागले म्हणून मी तिला बाहेर ओट्यावर बसवले.

दिवेलागणीला माझे पती नीलेशला मोटरसायकलवरून चौक येथील एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी सोबत नव्हते. परत आले तेव्हा धनुर्वाताचे इंजेक्शन दिलेले होते, पट्टी बांधलेली होती, गोळ्या होत्या आणि दोन दिवसांनी दाखवायला या असे सांगितलेले होते. डॉक्टरांनी पाहिले आहे म्हटल्यावर मी निर्धास्त झाले.

शुक्रवारी सकाळी नीलेशची बोटे पिकल्या जांभळाच्या रंगाची झाली होती आणि सूज कोपराच्या वर चढली होती. भाविकाने त्याच्या अंगठ्याला चिमटा काढला. तो दुसरीकडे बघत होता, त्याला ते कळले नाही. मी म्हटले, आत्ताच्या आत्ता पनवेल. माझे पती म्हणाले, डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले आहेत, संध्याकाळपर्यंत बघू. मी त्यांचे ऐकले नाही. मी मनोजला फोन केला. दुसरी गाडी मिळेपर्यंत थांबायला मी तयार नव्हते, म्हणून तीच पिकअप काढली. नट आवळलेला होता, पण मूळ दुखणे तसेच होते. ती चालू व्हायलाच वेळ लागला. रस्ताभर मागे पांढरा धूर होता आणि जरा चढ आला की ती ओढायची नाही, मागून येणारे हॉर्न मारून पुढे जात. नीलेश मध्ये बसला होता. तो इंजिनाचा आवाज ऐकत होता आणि एकदाच म्हणाला की बिघडलेला नोझल तिसराच आहे. मला तेव्हा त्याच्या तोंडात एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि रडूही आले.

इस्पितळात सर्जन डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि काय लागले म्हणून विचारले. माझे पती म्हणाले, तार टोचली.

मला आधी वाटले माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी पतींकडे पाहिले, ते माझ्याकडे बघेनात. नीलेश खाली बघत होता. मग मी सांगितले, "डॉक्टर, तार नाही. चालू गाडीच्या नळीतून डिझेल आत गेलंय. काल जेवायच्या आधी." डॉक्टरांनी लिहायचे थांबवले. त्यांनी विचारले, काल ज्यांनी पट्टी बांधली त्यांना हे सांगितले होते का?  उत्तराची वाट न पाहता त्यांनी नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. मग आम्हाला सांगितले की ठिपका बारीक दिसतो पण ही जखम नाही, हे विष आहे, आत पसरत जाते आणि मांस मारत जाते. यात हात त्याच दिवशी उघडून धुवावा लागतो. माहीत असते तर कोणत्याही डॉक्टरने पट्टी बांधून घरी पाठवले नसते.

हात उघडल्यावर डिझेल शिरांच्या कडेने मनगटाच्या वरपर्यंत गेलेले सापडले असे डॉक्टरांनी सांगितले. शनिवारी पुन्हा उघडला. रविवारी उजवा हात कोपराच्या खाली काढला. संमतीच्या कागदावर भाविकाने सही केली, कारण माझ्या पतींना पेन धरवेना. नीलेशचा ताप उतरलेला नाही. डॉक्टर आता हाताचे बोलत नाहीत, ते लघवी किती झाली ते विचारतात. आज सकाळी त्याने मला ओळखले.

काल सोमवारी पोलिसांनी इस्पितळात नीलेशचा जबाब घेतला. त्यात त्याने, चौकच्या डॉक्टरांना तार टोचली असे मीच सांगितले, दादा तेव्हा बाहेर गाडी लावत होता, असे सांगितले आहे. तो जबाब मला वाचून दाखवण्यात आला. त्यातील एवढा भाग खोटा आहे.

तो खोटा आहे हे मला कसे माहीत, असे विचारण्यात आले. शुक्रवारी ऑपरेशन चालू असताना बाहेर मी माझ्या पतींना विचारले की हे तार काय प्रकरण आहे. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. ते म्हणाले, "मीच तार म्हनलो. काल चौकलापन मीच म्हनलो. मनोजला शबूद दिला व्हता, डिझेल म्हनलं तं कुठल्या गाडीचं ते निघालं असतं." शनिवारी मी नीलेशला विचारले, तू शेजारी बसला होतास, तुझा हात, तुला तोंड नव्हते का. तो म्हणाला, "दादा बोलत असताना मी मदी कसा बोलू, वैनी?"

माझ्या पतींनी नीलेशला तसा जबाब द्यायला सांगितले का, असे विचारण्यात आले. सांगितलेले नाही. भावाला वाचवायला तो स्वतःच तसे बोलला. पण तो बोलत असताना माझे पती खाटेशेजारी उभे होते आणि गप्प राहिले. नको रं, असे ते म्हणाले नाहीत. मी चार दिवस वाट पाहिली की ते कोणाला तरी स्वतःहून सांगतील. भाविकाला सांगतील, निदान तिच्या वडिलांना सांगतील. त्यांनी सांगितले नाही. भाविका नीलेशवरच चिडली आहे. डॉक्टरला खोटे का बोललात म्हणून ती त्याला विचारते आणि तो ऐकून घेतो. ते मला बघवत नाही.

आज इकडे येताना मोटरसायकलवर माझे पती मला म्हणाले की त्यानं जे सांगितलंय तेच तू सांग, एका चुलीचं घर हाय. 

तक्रार कोणाविरुद्ध आहे, असे विचारण्यात आले. चौकच्या डॉक्टरांविरुद्ध नाही, त्यांना जे सांगितले त्यावर त्यांनी औषध दिले. मनोजविरुद्ध नाही, तो रोज इस्पितळाच्या दारात बसलेला असतो आणि त्याची नोकरी जाईल हे त्याला कळून चुकले आहे. गाडीविरुद्ध तक्रार करता येत असेल तर करते. पतींविरुद्ध आहे का, यावर मी एवढेच सांगते की कायद्यात याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. ते दुष्ट नाहीत. भावाला त्यांनी खांद्यावर बसवून वाढवले आहे. त्यांनी नळी उघडायला लावली ती आमच्या धंद्याची सवय होती, तेवढ्याने मी त्यांना बोल लावला नसता. पण त्या संध्याकाळी डिझेल एवढा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला असता तर नीलेशचा हात राहिला असता, निदान राहण्याची आशा होती. तो हात त्यांनी मित्राच्या शब्दाखातर घालवला. हात गेला तो गेला. दोषही नीलेशच्याच अंगावर टाकलेला मला चालणार नाही. तो जगला तर त्याला एका हाताने खायचे आहे, आणि नाही जगला तर भाविकाच्या मुलाला पुढे सांगितले जाईल की तुझ्या बापाने डॉक्टरला थाप मारली म्हणून तो मेला. हे मी रागाने बोलत आहे. रागाने बोललेले नाही असे लिहू नये.

जबाब लिहून झाल्यावर हवालदार साहेब तो मला हळू आवाजात वाचून दाखवू लागले. माझे पती बाहेर व्हरांड्यात बसलेले होते. त्यांना ऐकू जाईल असा वाचावा, अशी मी विनंती केली. त्यावरून दार उघडून जबाब पुन्हा सुरुवातीपासून मोठ्याने वाचण्यात आला. ऑपरेशनच्या वेळी ते मला जे बोलले ती ओळ आली तेव्हा माझे पती येऊन दारात उभे राहिले. साहेबांनी थांबू का म्हणून मला विचारले. मी थांबू नका म्हटले. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर, मला विचारण्याच्या आधीच ते दारातून म्हणाले, "बरोबर हाय."

मीही तेच सांगते. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे, मी तो ऐकला आहे आणि तो बरोबर आहे.

जबाब देणार
सही: हर्षला कमलेश भोईर